पाच डेसिबलसाठी

ते मोबाइल रेकॉर्डिंग मी अजून पुसलेलं नाही. प्रेक्षकांत मधल्या रांगेत बसलेल्या एकाने केलेलं. गाणं छान चाललंय, गायिकेचा आवाज स्वच्छ, बेस घुमतोय, काहोनची, म्हणजे बसून वाजवायच्या लाकडी खोक्याची, थाप जिथल्या तिथे पडतेय. दुसरं कडवं संपतं आणि पुढचे वीस-बावीस सेकंद असं वाटतं की बँडमधलं कुणीतरी उठून गेलं. नुसता बेस, काहोन आणि कीबोर्डचे लांबवलेले सूर. मागे कुठेतरी कानाशी डास यावा तसं काहीतरी किणकिणतंय. ते किणकिणणं म्हणजे अकूस्टिक गिटारवरचा माझा सोलो, कडव्यांच्या मधली एकट्या गिटारची सुरावट. तीन आठवडे घासून बसवलेला.

गंमत अशी की स्टेजवर मला तो अगदी व्यवस्थित ऐकू आला होता. या गंमतीचा अर्थ कळायला मला पुढे बरेच महिने लागले.

अकूस्टिकवर सोलो हरवतो याचं पहिलं कारण सरळ आहे. स्ट्रमिंग करताना सहा तारा एका फटक्यात वाजतात, सोलोला एकच. त्यात इलेक्ट्रिक गिटारवाल्याकडे सूर ताणून धरायला डिस्टॉर्शन असतं. आपला सूर छेडल्या क्षणापासून विरायला लागतो. घरी ऑडिओ इंटरफेसला गिटार लावून मीटरकडे बघत बसलो, तर माझं स्ट्रमिंग आणि माझी सुटी सुरावट यांत सहा-सात डेसिबलचा फरक दिसला. म्हणजे साउंडवाल्याने रिदमच्या हिशोबाने फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, लावला, की सोलो आपोआपच तेवढा खाली. त्याची काही चूक नाही. त्याच्या यादीत 'गिटार' एकदाच लिहिलेली असते.

सुरुवातीचे उपाय सगळे करतात तेच केले. आधी जोरात वाजवून पाहिलं. पिएझो पिकअपवर (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी पट्टी) जोरात वाजवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. ब्रिजच्या हाडाखाली बसवलेली ती पट्टी फटका जसाच्या तसा पकडते, आणि सुराच्या आधी 'क्वॅक' असा बदकासारखा आवाज पुढे जातो. मग जाड पिक घेतला, दीड मिलिमीटरचा, आणि ब्रिजपाशी वाजवण्याची सवय मोडून हात साउंडहोलकडे सरकवला. याने मात्र खरंच फरक पडला. एकेरी सूर भरीव झाला. पेडल घ्यायला निघालेल्या कुणालाही मी आधी हे करून बघायला सांगतो, आणि कुणीही ऐकत नाही.

तिसरा उपाय, गिटारवरचाच व्हॉल्यूम. रिदम सातवर वाजवायची, सोलो आला की नॉब दहावर. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कडव्याची शेवटची कॉर्ड आणि सोलोचा पहिला सूर यांच्यात एक मात्रासुद्धा रिकामी नव्हती. उजवा हात गिटारच्या खांद्यावर नेऊन परत आणेपर्यंत पहिली ओळ निघून जायची. व्हॉल्यूम पेडलही आठवडाभर वापरून पाहिला, पण पाय नेमका कुठे थांबलाय हे मला कधीच कळलं नाही. प्रत्येक कडव्यात रिदम वेगळ्याच पातळीला. तेव्हा ठरलं की एकदा दाबला की वाढेल, परत दाबला की उतरेल, असं काहीतरी पायाखाली हवं. बूस्ट पेडल.

आमचा बेसवाला इलेक्ट्रिक गिटारही वाजवतो. त्याने त्याचा बूस्ट दिला आणि म्हणाला, "घेऊन जा, पण नॉब जपून फिरव." मी जपून म्हणजे अर्ध्यावर ठेवला. रिहर्सलला पहिला सूर छेडला आणि स्पीकरमधून कुणी पत्रा फाडावा तसा आवाज आला. नॉब घड्याळातल्या नवाच्या काट्यावर आणला, तरी फटका जरा जोरात बसला की कडेकडेने खरखर.

का ते शोधायला बसलो तेव्हा कळलं की इलेक्ट्रिकवाल्यांचा बूस्ट आणि आपला बूस्ट या दोन वेगळ्या गरजा आहेत, नाव तेवढं एक. त्यांच्याकडे पेडलच्या पुढे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर, म्हणजे ट्यूबचा अँप असतो. बूस्टने त्याला ढकललं की आवाज फार वाढत नाही, तो फाटतो आणि जाड होतो, आणि तेच त्यांना हवं असतं. म्हणून त्या पेडलांमध्ये ताकद भरपूर. एमएक्सआरचा मायक्रो अँप किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पार्क बूस्टर घ्या, दोन्ही २६ डेसिबलपर्यंत वाढवतात. २६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज वीसपट. आता माझ्या गिटारमध्ये आधीच ९ व्होल्टच्या सेलवर चालणारा प्रीअँप, म्हणजे पिकअपचा दुबळा सिग्नल वाढवणारा छोटा अँप, बसवलेला. जोरात वाजवलं की त्यातूनच व्होल्टभराच्या आसपासचे झटके बाहेर पडतात. ते दहापट करायचे म्हटले तरी ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलच्या पोटात मावणार कसे? वरचा भाग कापला जातो. ट्यूब अँपमध्ये हे कापणं गोड लागतं. मिक्सरमार्गे थेट मोठ्या स्पीकरवर गेलं की पत्रा.

यातून दोन गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या. मला २० डेसिबल नकोच आहेत, मला त्याच्या पाव हवेत. आणि पेडल १८ व्होल्टवर चालत असेल तर वर जागा जास्त, म्हणून तेही बघायचं. (सगळे चालत नाहीत. पेडलवर किंवा त्याच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय जास्त व्होल्टचा अडॅप्टर खुपसू नये, धूर निघतो.)

किती डेसिबल हवेत हे ठरवायला आम्ही एक संध्याकाळ घालवली. मी डोळे मिटून तीच सोळा मात्रांची ओळ वाजवायची, काहोनवाल्याने मला न सांगता लेव्हल बदलायची आणि बाकीच्यांनी खोलीच्या टोकाला उभं राहून बोलायचं. तीन डेसिबलला कुणाच्या लक्षातही आलं नाही. चार-पाचला गायिका म्हणाली, "हां, आता तू पुढे आलास." आठला बेसवाल्याने कानावर हात ठेवला. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात असं पुस्तकात वाचलेलं होतं, पण दुप्पट वाटणं कुणाला हवंय? गर्दीतून एक पाऊल पुढे यायचं असतं. ते एक पाऊल म्हणजे पाच डेसिबल. पुढचे सगळे महिने मी या पाच डेसिबलच्या मागे होतो.

मग एक साधा, रंग न चढवणारा, क्लीन बूस्ट मिळवला. एक नॉब, एक स्विच. पाचवर लावला, नॉबवर पांढऱ्या पेनने खूण केली. रिहर्सलला झकास. पुढच्या कार्यक्रमात सोलोला दाबला आणि दोन सेकंदांत पोटात गोळा यावा असा 'घूंऽऽ' सुरू झाला. मी सहाव्या तारेला हातही लावलेला नव्हता, तरी ती डोळ्यांदेखत थरथरत होती. तिच्यावर तळवा दाबला, घूं थांबला. उचलला, परत सुरू. उरलेला सोलो मी तळव्याची कड त्या तारेवर टेकवून, अवघडून वाजवला.

हा फीडबॅक शिट्टीसारखा नसतो, खालच्या पट्टीत घुमतो, आणि त्याचं घर गिटारच्या पोटात आहे. पोकळ खोका, त्याला एक भोक. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो सूर निघतो तोच प्रकार. मोठ्या ड्रेडनॉट गिटारमध्ये पोटातल्या हवेचा हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी, ९८ हर्ट्झ, त्याच्या शेजारीच. मॉनिटरमधून (स्टेजवर आमच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) तेवढा सूर गिटारच्या पोटात शिरला की पोट घुमतं, पिकअप ते पकडतो, मॉनिटर पुन्हा तेच ओकतो. रिदमच्या पातळीला हे चक्र काठावर टेकलेलं असतं. बूस्टने त्याला पाच डेसिबलचा धक्का दिला की झालं.

साउंडहोलला रबरी झाकण लावलं. प्रीअँपवरचं, सिग्नल उलटा करणारं फेजचं बटण दाबून पाहिलं, कधी उपयोग होतो, कधी उलट वाढतं, जागेवर अवलंबून. पण डोक्यात खरी ट्यूब पेटली ती वेगळीच. सोलो मी कुठे वाजवतो? पाचव्या फ्रेटच्या वर, वरच्या तीन-चार तारांवर. तिथे २०० हर्ट्झच्या खाली माझा एकही सूर नाही. मग बूस्टने खालचा भाग वाढवायचाच कशाला? उलट सोलोपुरता तो कमी केला तर?

म्हणजे मला बूस्ट नको होता. मला ईक्यू हवा होता, ज्याला लेव्हलची पट्टीही आहे.

ग्राफिक ईक्यूचं पेडल बघितलं नसेल त्यांच्यासाठी: छोट्या उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी आवाजाचा एक भाग वरखाली करते, आणि शेवटची एकूण आवाज. बॉसचं जीई-७ हे यातलं सगळ्यांनी पाहिलेलं. त्यात १०० हर्ट्झपासून दर वेळी दुप्पट होत ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात पट्ट्या आहेत, प्रत्येक १५ डेसिबल वर किंवा खाली. मी घेतलं ते दुसऱ्या कंपनीचं, पण जात तीच. १०० ची पट्टी सहा खाली. २०० ची तीन खाली. ८०० ची तीन वर, कारण पिएझोचा एकेरी सूर पोकळ लागतो आणि त्याला मांस इथे मिळतं. ३.२ किलोहर्ट्झला आधी मी उत्साहाने चार वर केली होती, सोलो 'चमकावा' म्हणून.

ती चमक घरची होती. घरी, रात्री, दार लावून, हळू आवाजात. हळू आवाजात कानाला खालचं आणि अगदी वरचं कमीच ऐकू येतं. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. त्यामुळे घरी लावलेला टोन नेहमी दोन्ही टोकांना फुगवलेला असतो. मोठ्या स्पीकरवर पूर्ण आवाजात तेच लावलं की खाली ढोल आणि वर सुई. ३.२ ची पट्टी शेवटी शून्यावर आली. आजही कुणी दहा मिनिटं घरच्या छोट्या अँपवर वाजवून पेडल निवडलं म्हणतो तेव्हा मी गप्प बसतो.

ईक्यूचा एक तोटा आहे, पट्ट्या वर केल्या की 'सऽऽ' असा बारीक आवाज वाढतो. बँडमध्ये तो दबतो. एकट्या गिटारच्या शांत तुकड्यात ऐकू येतो. चालवून घेतलं.

मधल्या काळात एक उपकथानक झालं. माझ्या दुसऱ्या गिटारला प्रीअँप नाही, पोटात ब्रिजखाली चिकटवलेले पिएझोचे चकते आहेत, थेट जॅकला जोडलेले. ती थेट पेडलमध्ये लावली तर गिटार एकदम मँडोलिन झाली. खालचं सगळं गायब. मला वाटलं पेडल बिघडलं. पेडल ठणठणीत होतं. पिएझो स्वभावाने कपॅसिटर असतो. पुढच्या यंत्राच्या तोंडाशी जेवढा रोध, म्हणजे इम्पीडन्स, कमी, तेवढं त्याचं खालचं टोक गळून पडतं. समजा पिकअपचा कपॅसिटन्स अर्धा नॅनोफॅरड आहे. इलेक्ट्रिकवाल्या पेडलच्या तोंडाशी सहसा असतो तसा १ मेगओहमचा इम्पीडन्स धरला, तर साधारण ३२० हर्ट्झच्या खाली उतार सुरू होतो. गिटारची सहावी तार सुटी वाजवली तर ८२ हर्ट्झ, म्हणजे अर्धी गिटार उतारावर. तोच इम्पीडन्स १० मेगओहम असेल तर उतार ३२ हर्ट्झपाशी जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून अशा गिटारला आधी १० मेगओहमच्या जवळपासचा प्रीअँप, बूस्ट त्याच्या पुढे. ज्याच्याकडे अशीच गिटार आहे आणि अजून काहीच घेतलेलं नाही, त्याने सुटं बूस्ट पेडल शोधूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एल. आर. बॅग्जचा व्हेन्यू डीआय, रेडियलचा पीझी-प्री, फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू, हे सगळे अकूस्टिकसाठीच केलेले डबे आहेत आणि प्रत्येकात बूस्टचा स्विच आत आहे. मी घेतला नाही, कारण माझ्या मुख्य गिटारमध्ये प्रीअँप होता, गिटारचा सिग्नल मिक्सरपर्यंत पाठवणारा डीआय बॉक्सही होता, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत मी इतकं वाचलं होतं की सोपं उत्तर स्वीकारायला जिवावर येत होतं.

असो. ईक्यू लागलं, घूं गेला, मॉनिटरमध्ये सोलो असा काही पुढे येऊन बसला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी एकाने रेकॉर्डिंग पाठवलं.

डास.

आधीपेक्षा जरा धष्टपुष्ट, पण डासच. त्या रात्री मी ते पेडल विकायची जाहिरात लिहायला घेतली होती, हे इथे कबूल करतो.

उलगडा झाला तो पुढच्या कार्यक्रमाच्या साउंडचेकला, आणि पेडलमुळे नाही. साउंडवाला वेगळा होता, वयाने माझ्याहून लहान, फारसं न बोलणारा. मी त्याला म्हटलं की सोलोला मी पाच डेसिबल वाढवतो, एकदा बघ. मी दाबलं, वाजवलं. त्याने मिक्सरच्या स्क्रीनकडे बघितलं, परत वाजवायला सांगितलं, आणि हसला.

"दादा, तुम्ही वाढवताय आणि मी कापतोय."

मी खाली उतरून त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्या चॅनलवर कॉम्प्रेसर होता. बहुतेक जण अकूस्टिकवर लावतातच, स्ट्रमिंगचे फटके आवरायला. चारास एक प्रमाण. त्याचा अर्थ असा की ठरवलेल्या रेषेच्या वर मी ६ डेसिबल वाढवले, तर पलीकडे दीडच बाहेर पडतात. माझे पाच म्हणजे सव्वा. आणि स्टेजवरच्या मॉनिटरला जाणारा माझा आवाज कॉम्प्रेसरच्या आधीच फुटत होता, त्यामुळे मला पुरेपूर पाच ऐकू यायचे आणि लोकांना सव्वा. पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सोलो ऐकू आला होता, लोकांना नाही, त्यामागेही बहुधा हेच होतं. तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं. मी महिनोन् महिने पेडलं बदलत होतो, आणि आवाज माझ्यापासून पंधरा पावलांवर, माझ्याच सोयीसाठी लावलेल्या यंत्रात कापला जात होता.

त्याने रेष वर सरकवली, इतकी की नुसते जोराचे फटकेच अडकतील. मी वर जाऊन परत दाबलं. कीबोर्डवाल्याने मान वळवून बघितलं. एवढंच पाहिजे होतं.

त्या दिवसापासून माझ्या साउंडचेकचा क्रम उलटा आहे. मी आधी बूस्ट चालू करून सोलो वाजवतो, साउंडवाल्याला त्यावर गेन, म्हणजे मिक्सरच्या तोंडाशी आवाज किती घ्यायचा ते माप, लावायला सांगतो, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज आधीच त्याच्या मापात बसतो. मग बूस्ट बंद करून रिदम. आणि तोंडाने सांगतो, "सोलोला पाच वाढतील, मुद्दाम आहेत, फेडर खाली घेऊ नका." कारण तेही झालंय. साउंडवाला जागरूक असेल तर गिटार अचानक वाढली की बिचारा प्रामाणिकपणे खाली ओढतो. पेडलच्या जागेचंही तसंच. पेडलबोर्डवर स्वतःचा कॉम्प्रेसर असेल तर बूस्ट त्याच्या पुढे, नाहीतर तीच कापाकापी पायाशीच होते. रिव्हर्बच्या, म्हणजे खोलीसारखा घुमारा देणाऱ्या पेडलच्या, आधी, म्हणजे घुमाऱ्याची शेपटी मध्येच तुटत नाही. आणि डीआयच्या आधी, म्हणजे सगळं एकाच वायरने जातं.

वीजपुरवठ्याचं शहाणपण उशिरा आलं. एका अडॅप्टरवरून साखळीने सगळी पेडलं चालवत होतो, बूस्ट दाबला की मागची गुणगुणही पाच डेसिबलने मोठी. प्रत्येकाला वेगळा आउटपुट देणारा सप्लाय घेतल्यावर गेली.

आता उरलंय ते पेडलचं नाही, माझंच. सोलोच्या शेवटी मी बाराव्या फ्रेटच्या वर असतो, डोळे तारेवर, मन अजून सोलोतच. पुढच्या कडव्याची पहिली कॉर्ड वाजते आणि ती सहा तारांची, वर पाच डेसिबल. गायिका नुसती एकदा माझ्याकडे बघते. पहिल्या काही वेळा मी दचकून पाय शोधायचो आणि ट्यूनर दाबायचो, म्हणजे गिटार म्यूटच.

हल्ली बेसवाला माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे उभा राहतो. शेवटची ओळ उतरायला लागली की बेस वाजवता वाजवता त्याचा उजवा बूट माझ्या बोर्डकडे सरकताना दिसतो, आणि लाल दिवा विझतो.